यजमानाचे तीन गुण

28 जानेवारी 2017 च्या संध्याकाळी केंटकी विद्यापीठाच्या पाठीराख्यांनी लेक्सिंग्टनच्या रप अरीनात अशी काही सामुदायिक बोंब ठोकली की गिनीज बुकाला तिची नोंद घ्यावी लागली. आकडा होता 126.4 डेसिबल. बंदिस्त क्रीडागृहात माणसांच्या गर्दीने केलेला हा तोवरचा सर्वांत मोठा आवाज. विक्रम झाला, टाळ्या झाल्या, आणि सोबत सामनाही झाला. तो पाहुण्या कॅन्ससने 79–73 असा जिंकला.

विक्रमाची ही कल्पना पाहुण्यांना फारच आवडली असावी. सोळा दिवसांनी, 13 फेब्रुवारीला, कॅन्ससने लॉरेन्समधल्या आपल्या ॲलन फील्डहाऊसमध्ये तोच प्रयोग केला आणि 130.4 डेसिबल गाठून केंटकीचा विक्रम मोडला. समोर वेस्ट व्हर्जिनिया होतं. शेवटची तीन मिनिटंही उरली नव्हती तेव्हा यजमान 14 गुणांनी मागे होते. तिथून बरोबरी, मग जादा वेळ, आणि शेवटी 84–80 असा विजय. म्हणजे ओरडून सामना जिंकता येतो या सिद्धान्ताला एक पुरावा बाजूने मिळाला, एक विरुद्ध, आणि दोन्ही गिनीजच्या सहीशिक्क्याचे. त्यात आणखी गंमत अशी की रप अरीना ज्यांच्या नावाने उभं आहे ते केंटकीचे थोर प्रशिक्षक ॲडॉल्फ रप खेळ शिकले कुठे, तर कॅन्ससमध्येच, फॉग ॲलन यांच्या हाताखाली. घर यजमानांचं, पण दारावरची पाटी पाहुण्यांच्या विद्यार्थ्याची.

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये घरच्या मैदानाचा फायदा ही नुसती श्रद्धा नाही, ती जमाखर्चात धरलेली बाब आहे. केन पॉमेरॉय हे या खेळाचे सर्वांत प्रसिद्ध आकडेपंडित. ते आधी हवामान खात्यात नोकरीला होते, त्यामुळे अंदाज चुकल्यावर शांत कसं राहायचं हे त्यांना आकड्यांच्या धंद्यात येण्यापूर्वीच जमत असावं. त्यांच्यासारखे लोक यजमान संघाच्या खात्यात सामना सुरू होण्यापूर्वीच साधारण तीन ते साडेतीन गुण टाकून ठेवतात. का, असं विचारलं तर उत्तर लांबतं. किती, असं विचारलं तर उत्तर तयार असतं.

संगणकावरच्या खेळांना ‘का’शी कर्तव्य नाही, ‘किती’ पुरतं. अशा खेळांच्या दोन जाती आहेत. एकीत हातात कंट्रोलर घेऊन स्वतः चेंडू टाकायचा, दुसरीत प्रशिक्षक होऊन खेळाडू जमवायचे, डावपेच ठरवायचे आणि यंत्राने पोटातल्या पोटात खेळलेल्या सामन्याचा निकाल वाचायचा. दुसऱ्या जातीतला यजमान बहुतेक वेळा एक आकडा असतो. कुठल्याशा समीकरणात तो गुपचूप मिळवला जातो, आणि शे-दोनशे विद्यार्थ्यांच्या गावठी जिमपासून वीस हजारांच्या अरीनापर्यंत सगळ्यांना तोच. रेशनवर माणशी ठरलेली साखर मिळावी तसा.

पहिल्या जातीला मात्र नाटक लागतं. ‘मार्च मॅडनेस 07’ या खेळात ईए स्पोर्ट्सने खेळाडूंना ‘संयम’ बहाल केला. परक्या मैदानावर गर्दी उसळली की हा संयम ढळायचा आणि सरळ जाणारे चेंडू वाकडे जाऊ लागायचे. याच कंपनीच्या कॉलेजांच्या अमेरिकन फुटबॉलच्या खेळांत तर पाहुण्या संघाची डावपेचांची आकृती थरथरू लागते, रेषांच्या जिलब्या होतात आणि अख्खा पडदा हादरतो. 2024 साली हा खेळ बऱ्याच वर्षांनी परत आला, तेव्हा कंपनीने पाहुण्यांसाठी सर्वांत कठीण 25 स्टेडियम्सची यादी जाहीर केली. पहिला क्रमांक टेक्सस ए अँड एम विद्यापीठाच्या काइल फील्डला. जुलैमध्ये खेळ बाजारात आला. ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी नोत्र दाम विद्यापीठाचा संघ खऱ्या काइल फील्डवर आला आणि 23–13 असा जिंकून गेला. नोव्हेंबरच्या शेवटच्या दिवशी शेजारचं टेक्सस विद्यापीठ आलं, तेही 17–7 असा विजय घेऊन परतलं. पडदा हादरल्याची तक्रार दोघांपैकी कोणी केली नाही.

आता या तीन गुणांची खरी किंमत बघू. कॉलेज बास्केटबॉलमध्ये सामन्याचा निकाल अंदाजापासून साधारण अकरा गुण इकडे किंवा तिकडे सरकणं अगदी नित्याचं आहे. या अकराच्या हेलकाव्यात तीन गुणांचं पारडं टाकलं, तर दोन तुल्यबळ संघांपैकी यजमान शंभरातले साठ-एकसष्ट सामने जिंकतो. उरलेले एकोणचाळीस-चाळीस पाहुणा जिंकतो. कागदावर हे वाचताना कोणाचीच हरकत नसते. पण खेळणाऱ्याचा संघ घरी हरला की त्याला एकोणचाळीस ही संख्याच मान्य नसते. यंत्र लबाडी करतंय, याबद्दल त्याची खात्री पटते. बाहेरगावी हरला तरी यंत्रच लबाड, कारण मग घरच्या मैदानाचा आकडा भलताच फुगवलेला असतो.

खेळ बनवणाऱ्यांना हा अनुभव जुना आहे. ‘सिव्हिलायझेशन’ या गाजलेल्या खेळाचे जनक सिड मायर यांनी 2010 मध्ये खेळ-रचनाकारांच्या परिषदेत तो जाहीरपणे सांगितला होता. लढाईत आपली बाजू तिप्पट वरचढ असेल तर आपण जिंकलंच पाहिजे, असं खेळाडू धरून चालत. चौथ्या वेळी हरले की रागावत. उलट शत्रू तिप्पट वरचढ असताना आपण कधीमधी जिंकलो, तर त्यात मात्र त्यांना काही वावगं दिसत नसे. शेवटी रचनाकारांनी गणितालाच थोडं समजुतीने घ्यायला लावलं. थोडक्यात, संभाव्यतेचे नियम पाळले तर खेळ खोटा वाटतो आणि मोडले तर खरा वाटतो.

खऱ्या आयुष्याला ही सवलत नाही. तिथे तीन गुणांची पिशवी उघडून आत काय आहे ते बघावं लागतं, आणि बघू जाता भलतंच काही निघतं.

सगळ्यांचा पहिला संशय फ्री थ्रोवर. खेळाडू एकटा रेषेवर उभा, समोर बास्केट, बास्केटमागे शेकडो विद्यार्थी हात नाचवतायत, किंचाळतायत, एखाद्या नटाचा भलामोठा पुठ्ठ्याचा चेहरा हलवतायत. टीव्हीचे कॅमेरे या दृश्यावर जीव टाकतात. टोबायस मॉस्कोविट्झ हे अर्थशास्त्रज्ञ आणि जॉन वर्थाईम हे क्रीडापत्रकार यांनी 2011 च्या ‘स्कोअरकास्टिंग’ या पुस्तकात व्यावसायिक एनबीएचे दोन दशकांतले फ्री थ्रो मोजले. यजमानांचे यशस्वी फेक 75.9 टक्के. पाहुण्यांचे 75.9 टक्के. दशांशचिन्हानंतरचा नऊसुद्धा तोच. एवढे घसे बसले, एवढे पुठ्ठे कापले गेले, आणि फळ शून्य.

अर्थात ॲरिझोना स्टेटच्या विद्यार्थ्यांनी हे पुस्तक वाचलं नसावं, किंवा वाचून मनावर घेतलं नसावं. 2013 पासून त्यांनी बास्केटमागे एक काळा पडदा उभारला. पाहुणा फ्री थ्रोला उभा राहिला की पडदा सरकतो आणि आत काहीतरी अचाट चाललेलं दिसतं. 28 जानेवारी 2016 ला ओरेगन स्टेटचा खेळाडू रेषेवर उभा होता. पडदा सरकला आणि आत मायकेल फेल्प्स, पोहण्याच्या आखूड चड्डीत, गळ्यात ऑलिम्पिक पदकं, उघड्या छातीने आरोळ्या ठोकत. दोन्ही फ्री थ्रो हुकले. एका घटनेवरून सिद्धान्त काढू नये हे खरं. पण 75.9 चा हिशोब करताना त्या वीस वर्षांत पडद्याआडून एकही ऑलिम्पिक विजेता ओला-कोरडा बाहेर आलेला नव्हता, हेही खरं.

मग फायदा येतो कुठून? पुस्तकाचं उत्तर अप्रिय पण सरळ आहे: पंचांकडून. ते लाच खातात म्हणून नव्हे, ते माणसं आहेत म्हणून. इंग्लंडमध्ये 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 40 फुटबॉल पंचांना लिव्हरपूल विरुद्ध लेस्टर सामन्यातल्या 47 झटापटी दाखवल्या. काहींना गर्दीच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमानांविरुद्ध 15.5 टक्के कमी फाऊल दिले. लिव्हरपूलचा एकही प्रेक्षक त्या खोलीत नव्हता, फक्त त्याचा आवाज होता. बास्केटबॉलच्या बाबतीत काइल अँडरसन आणि डेव्हिड पिअर्स या संशोधकांनी 2004–05 च्या मोसमातले 365 कॉलेज सामने तपासले. त्यांना दिसलं की पंच नकळत हिशोब बरोबरीत आणत असतात. यजमानांचे फाऊल पाहुण्यांपेक्षा पाच किंवा अधिक झाले की पुढचा फाऊल पाहुण्यांवर लागण्याची शक्यता 69 टक्क्यांवर जाते. पंच बिचारा काय करणार? दहा हजार लोक त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असताना, ‘आता एक तिकडे देऊन टाकू’ हा विचार मनात न येणं यालाच खरी साधना लागेल.

आणि सिम्युलेशनचं खरं अवघडलेपण इथे आहे. गर्दीने पडदा हादरला तर खेळणारा म्हणतो, वा, काय वातावरण आहे! पण गर्दीला घाबरून यंत्रातला पंच चुकीची शिट्टी वाजवू लागला, तर तो म्हणेल, सॉफ्टवेअर बिघडलंय, पैसे परत द्या. जे खऱ्या आयुष्यात चालतं ते खेळात दोष ठरतं, आणि जे खऱ्या आयुष्यात चालत नाही, तो थरथरता फ्री थ्रो, त्यालाच ‘वास्तवदर्शी’ म्हणून वाहवा मिळते.

पंच आणि प्रेक्षक यांच्यातलं नातं बघायचं तर उत्तर कॅरोलायनातल्या डरहॅमला, ड्यूक विद्यापीठाच्या कॅमेरॉन इनडोअर स्टेडियमला जायला हवं. 1940 साली उघडलेली ही दगडी इमारत आत मावणाऱ्या माणसांच्या मानाने लहानच, 9,314 जणांची. विद्यार्थी मैदानाच्या इतके कडेला उभे असतात की थ्रो-इन करणाऱ्या पाहुण्याला त्यांचा श्वास मानेवर जाणवावा. जानेवारी 1984 मध्ये मेरिलँडविरुद्धच्या सामन्यात या मंडळींनी सभ्यतेच्या सगळ्या मर्यादा ओलांडल्या. एका पाहुण्या खेळाडूच्या दिशेने फेकलेल्या वस्तूंची यादी इथे न दिलेली बरी. विद्यापीठाचे अध्यक्ष टेरी सॅनफर्ड हे राज्याचे माजी गव्हर्नर. त्यांनी शिक्षा केली नाही, विद्यार्थ्यांना पत्र लिहिलं. वडीलधाऱ्याचं प्रेमळ पत्र, आणि खाली सही: टेरीकाका. मजकूर असा की चावटपणा करा, पण स्वच्छ आणि हुशारीचा करा.

पुढचा घरचा सामना होता नॉर्थ कॅरोलायनाशी, म्हणजे आठ मैलांवरच्या हाडवैऱ्याशी. त्या संघात मायकेल जॉर्डन होता. विद्यार्थी आले ते डोक्याभोवती देवदूतांच्या प्रभावळी लावून. पाहुण्या प्रशिक्षकांचं, डीन स्मिथ यांचं, फलकांवर हार्दिक स्वागत केलेलं. पंचांनी न पटणारा निर्णय दिला की नेहमीच्या शिवीऐवजी हजारो कंठांतून एकसुरात घोषणा उठायची: ‘आम्ही नम्रपणे असहमत आहोत.’ काकांचं पत्र इतकं अक्षरशः कोणी पाळलेलं ऐकिवात नाही.

गंमत पुढे आहे. त्या दिवशी संयम सुटला तो विद्यार्थ्यांचा नव्हे, डीन स्मिथ यांचा. खेळाडू बदलण्यासाठी गुणलेखकाचं लक्ष वेधताना त्यांनी टेबलावर हात आपटला आणि गुणफलकावर आपल्याच संघाच्या खात्यात वीस गुण चढवले. ते अर्थातच उतरवले गेले. सामना पाहुण्यांनी 78–73 असा जिंकला. त्यानंतर ड्यूकचे तरुण प्रशिक्षक माइक शेशेफ्स्की पत्रकारांपुढे आले आणि या लीगमध्ये एका संघाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा, असं तावातावाने बोलले. पंच पाहुण्यांना झुकतं माप देतात, ही तक्रार घरच्या मैदानावर, घरच्याच नऊ हजार लोकांसमोर हरल्यानंतर! मॉस्कोविट्झ-वर्थाईम यांच्या पुस्तकाला यायला अजून सत्तावीस वर्षं होती, म्हणून बरं.

याच शेशेफ्स्कींच्या नावाने पुढे स्टेडियमबाहेर एक तंबूंचं गाव वसलं. 1986 पासून विद्यार्थी नॉर्थ कॅरोलायनाविरुद्धच्या सामन्यासाठी तिथे थंडीत मुक्काम ठोकतात, सगळ्यात कट्टर मंडळी तर कित्येक आठवडे. तंबूमागे बारा जणांची टोळी, आळीपाळीने कोणीतरी आत झोपलेलंच पाहिजे, आणि मध्यरात्री भोंगा वाजवून हजेरी. हजेरी चुकली की तंबूची रांगेतली जागा गेली. नियमांची जाडजूड पुस्तिका आहे, त्या नियमांवर वाद आहेत, वाद सोडवणारे पदाधिकारी आहेत. आपल्याकडची एखादी सहकारी गृहनिर्माण संस्था बर्फात उभी केली तर चित्र फार वेगळं नसतं. तीन गुणांपैकी एखादा पाव गुण जरी या तंबूंमुळे येत असेल, तरी त्यामागची मानवी मेहनत कोणत्याही सॉफ्टवेअरला परवडणारी नाही.

खऱ्या आयुष्यात घरच्या विजयांचा मोठा हिस्सा आणखी एका साध्या मार्गाने येतो: दुबळा पाहुणा पैसे देऊन बोलावायचा. मोठी विद्यापीठं मोसमाच्या सुरुवातीला छोट्या विद्यापीठांना मानधन देऊन आपल्या घरी खेळायला बोलावतात. पाहुणे येतात, हरतात, धनादेश घेऊन जातात. त्या पैशांत त्यांचा वर्षाचा प्रवासखर्च निघतो आणि यजमानांना एक विजय मिळतो. सगळे खूश. क्वचित पाहुण्यांना हा अलिखित करार समजत नाही. 12 नोव्हेंबर 2019 ला अव्वल क्रमांकाच्या केंटकीने इंडियाना राज्यातल्या इव्हान्सव्हिल विद्यापीठाला 90 हजार डॉलर देऊन रप अरीनात बोलावलं. इव्हान्सव्हिल 67–64 ने जिंकलं. त्यांचे प्रशिक्षक वॉल्टर मकार्टी हे 1996 च्या विजेत्या केंटकी संघातले खेळाडू, म्हणजे घरभेदी म्हणायचं की माहेरवाशी, हा प्रश्नच. पंधरवडाही उलटला नाही तो 26 नोव्हेंबरला, आता अव्वल क्रमांकावर चढलेल्या ड्यूककडे टेक्ससचं स्टीफन एफ. ऑस्टिन विद्यापीठ आलं. मानधन 85 हजार. जादा वेळेच्या शेवटच्या क्षणी नेथन बेन हा खेळाडू चेंडू घेऊन धावत सुटला आणि 85–83 असा सामना संपला. लीगबाहेरच्या संघांविरुद्ध ड्यूकने घरी लागोपाठ 150 सामने जिंकले होते, ती मालिका त्या धावेत गेली. एका महिन्यात दोन महाशक्तींनी पावणेदोन लाख डॉलर खर्चून स्वतःचा पराभव विकत घेतला. हा डाव संगणकावरच्या प्रशिक्षकाने टाकला असता, तर खेळाने त्याला त्याच संध्याकाळी नोकरीवरून काढलं असतं.

प्रवासाचाही वाटा आहेच. 1982 च्या डिसेंबरमध्ये देशातला पहिल्या क्रमांकाचा व्हर्जिनिया संघ, सात फूट चार इंचांच्या राल्फ सॅम्पसनसह, टोकियोहून परतताना होनोलुलूत थांबला आणि जेमतेम काही शे विद्यार्थ्यांच्या शॅमिनाड कॉलेजकडून 77–72 असा हरला. आता तर प्रवासाने कहर केला आहे. 2024 पासून अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स या लीगमध्ये स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया ही दोन विद्यापीठं आहेत, आणि दोन्ही प्रशांत महासागराच्या बाजूला. नावाला महासागर बदलून मिळत नाही म्हणून अटलांटिकच राहिलं.

काही यजमान तर भूगोल आणि वास्तुशास्त्रच कामाला लावतात. वायोमिंग विद्यापीठाचं लॅरमीचं मैदान समुद्रसपाटीपासून 7,220 फुटांवर आहे आणि पाहुण्यांच्या ते लक्षात राहावं म्हणून हा आकडा थेट मैदानावर रंगवलेला आहे. धाप लागण्यापूर्वीच लागणार असल्याचं कळवून ठेवलेलं. नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाची 1952 ची मेमोरियल जिम आणखी विचित्र. तिथलं मैदान रंगमंचासारखं उंचावर, आणि संघांचे बाक बाजूला नसून दोन टोकांना, बास्केटच्या मागे. प्रशिक्षकाला मैदानाच्या दुसऱ्या टोकाला काय चाललंय ते नीट दिसत नाही आणि तिथल्या खेळाडूला त्याचं ओरडणं ऐकू येत नाही. यजमान प्रशिक्षकाला सवय असते. पाहुण्या प्रशिक्षकाला दोन तास सक्तीची विश्रांती.

छोट्या कॉलेजांत तर हिशोबाचं कोष्टकच कोसळतं. इंडियानातल्या अपलंड गावच्या टेलर विद्यापीठात डिसेंबरमध्ये, परीक्षांच्या आधीच्या शुक्रवारी, विद्यार्थी पायजमे आणि नाना सोंगं घालून सामन्याला येतात आणि आपल्या संघाचा दहावा गुण होईपर्यंत अवाक्षर काढत नाहीत. दहावा गुण झाला रे झाला की छप्पर उडतं. आर्कान्साच्या जॉन ब्राऊन विद्यापीठात मोसमाच्या पहिल्या घरच्या सामन्यात यजमानांची पहिली बास्केट झाली की प्रेक्षक मैदानावर टॉयलेट पेपरच्या शेकडो गुंडाळ्या फेकत. नियमाप्रमाणे पंच यजमानांवरच तांत्रिक फाऊल देत, पाहुण्यांना फ्री थ्रो मिळत, मग सगळे मिळून कागद गोळा करत. म्हणजे घरच्या मैदानाचा रोकडा तोटा, दरवर्षी, ठरवून, आनंदाने. हा आकडा समीकरणात अधिक म्हणून लिहायचा की उणे, हे अजून कोणा प्रोग्रामरला विचारलेलं दिसत नाही.

प्रेक्षकांच्या लुडबुडीचा या खेळाशी संबंध नवाही नाही. जेम्स नेस्मिथ यांनी 1891 च्या डिसेंबरमध्ये स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए शाळेत पीचच्या टोपल्या गॅलरीच्या कठड्याला टांगून हा खेळ सुरू केला. गॅलरीत बसलेले प्रेक्षक लवकरच हात खाली घालून आपल्या संघाचा चेंडू टोपलीत ढकलू आणि दुसऱ्याचा बाहेर उडवू लागले. ते थांबवायला टोपलीमागे फळी लावावी लागली. बास्केटबॉलचा बॅकबोर्ड जन्माला आला तो चेंडू आपटावा म्हणून नव्हे, प्रेक्षक आवरावे म्हणून. नेस्मिथ पुढे कॅन्सस विद्यापीठाचे पहिले प्रशिक्षक झाले. 55 विजय, 60 पराभव. आजही त्या विद्यापीठाच्या इतिहासात विजयांपेक्षा पराभव जास्त असणारे ते एकमेव प्रशिक्षक आहेत, आणि तरीही तिथल्या मैदानाला नाव त्यांचंच आहे.

मग 2020 साली प्रेक्षकच नाहीसे झाले आणि खेळ व वास्तव यांनी आपापल्या जागा बदलल्या. इंग्लंड आणि स्पेनमधल्या फुटबॉल लीग रिकाम्या स्टेडियममध्ये सुरू झाल्या, तेव्हा टीव्हीवर शुकशुकाट ऐकू येऊ नये म्हणून प्रक्षेपणाला जोडायला गर्दीचा आवाज आणला गेला तो ईए स्पोर्ट्सच्या ‘फिफा’ या संगणकीय खेळाच्या साठ्यातून. खऱ्या गर्दीवरून खोटी गर्दी बनली होती. आता खऱ्या सामन्याला ती उसनी घ्यावी लागली. अमेरिकन कॉलेजांत त्या हिवाळ्यात खुर्च्यांवर पुठ्ठ्याचे प्रेक्षक बसले. ड्यूकच्या दारात तंबू नव्हते, आत विद्यार्थी नव्हते, आणि त्यांचा संघ 13–11 असा मोसम काढून 1995 नंतर प्रथमच राष्ट्रीय स्पर्धेला मुकला. सगळं खापर रिकाम्या बाकांवर फोडणं अन्यायाचं होईल, कारण संघच कोवळा होता. पण पुठ्ठ्याची माणसं पंचांना नम्रपणे असहमती कळवू शकत नाहीत, एवढं मान्य करायला हवं.

खुद्द कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएए घरच्या मैदानाला कधीचाच आकडा लावून बसली आहे. 2004–05 पासून तिच्या क्रमवारीत घरी जिंकलेल्या सामन्याला 0.6 आणि बाहेर जिंकलेल्याला 1.4 असं वजन होतं. पाहुणचार घेऊन जिंकणाऱ्याला यजमानापेक्षा दुपटीहून जास्त मोल. 2018 मध्ये ही पद्धत गेली आणि ‘नेट’ नावाची नवी आली, तिच्यात विजयांचे चार दर्जे आहेत. पहिल्या तीस संघांपैकी कोणाला घरी हरवलं तर विजय पहिल्या दर्जाचा. त्रयस्थ मैदानावर पहिल्या पन्नासांतला कोणीही चालतो आणि परक्या घरी पहिल्या पंचाहत्तरांतला. प्रशिक्षक लोक आता वेळापत्रक आखताना याच कोष्टकावर बोट ठेवून बसतात. बाजूला त्यांचा मुलगा संगणकावर संघ चालवत असेल, तर दोघांच्या कामात फरक एवढाच की मुलाला पगार नाही.

या कोष्टकाच्या नजरेने इव्हान्सव्हिलचा 2019–20 चा मोसम वाचण्यासारखा आहे. रप अरीनात केंटकीला हरवलं, म्हणजे अस्सल पहिल्या दर्जाचा विजय खात्यात जमा. त्यानंतर मिझुरी व्हॅली लीगचे अठरा सामने सुरू झाले, नऊ स्वतःच्या मैदानावर आणि नऊ बाहेर. इव्हान्सव्हिल अठराच्या अठरा हरलं.